कॉलेज पुन्हा सुरू होतंय : परत जाताना नेमकं काय बघायचं?

खिडकीपाशी

नमस्कार मंडळी,

कोरोनाच्या साथीमुळे मार्च २०२० पासून दीड वर्ष घरून शिकल्यावर पुढच्या महिन्यात आमचं कॉलेज प्रत्यक्ष सुरू होतंय. मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. थिअरी स्क्रीनवर कशीबशी उरकली, पण प्रॅक्टिकल काही स्क्रीनवर होत नाहीत. त्यामुळे जावं तर लागणारच, आणि खरं सांगायचं तर मला जायचंच आहे. होस्टेलला दोघींत एक खोली, न्हाणीघरं मजल्यावर सामायिक, जेवण मेसमध्ये.

परिपत्रक आलंय. चार पानी. त्यातली अडीच पानं सॅनिटायझर, बाकं पुसणं, गेटवर ताप मोजणं आणि कुठून आत शिरायचं-कुठून बाहेर पडायचं यावर खर्ची पडली आहेत. हवेबद्दल एकच ओळ : 'शक्यतो खिडक्या उघड्या ठेवाव्यात.' आजारी पडल्यास काय, तर 'लक्षणे असणाऱ्यांनी येऊ नये.' आणि त्याच्या लगेच खाली : 'हजेरीचे नियम पूर्वीप्रमाणेच लागू राहतील.'

माझे दोन्ही डोस झालेत, दुसऱ्याला महिना उलटला. स्वतःची फारशी भीती नाही. घरी आजी आहे. सुट्टीला परत येताना तिच्यासाठी काय घेऊन येईन, याची धास्ती जास्त.

यातलं कामाचं किती, देखाव्याचं किती? आणि जायच्या आधी कॉलेजला कोणते प्रश्न विचारू?

अर्धाकप

वाचतोय. आमचंही पुढच्याच महिन्यात. तुझं परिपत्रक वाचताना वाटलं आमचंच चोरलंस. बहुतेक एकच मजकूर फिरतोय, वरचं लेटरहेड तेवढं बदलतंय.

वाराशास्त्री

मी इमारतींच्या वातानुकूलनाचं काम करतो, म्हणून फक्त हवेबद्दल बोलतो. 'शक्यतो' हा शब्द वाचूनच कळलं की ती ओळ कुणी विचार करून लिहिलेली नाही, शेवटी चिकटवली आहे.

हा विषाणू मुख्यतः श्वासातून बाहेर पडणाऱ्या बारीक कणांतून पसरतो. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी खुलं पत्र लिहून हेच बजावलं होतं. बाकाला हात लावून संसर्ग होण्याची शक्यता अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनं एप्रिल २०२१ मध्ये दर स्पर्शामागे १०,००० मध्ये एकाहून कमी धरली आहे. म्हणजे हात धुवा, जरूर धुवा, पण अडीच पानं बाकांवर घालवणं म्हणजे आग स्वयंपाकघरात आणि पाणी अंगणात.

१० मार्च २०२० ला वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट व्हॅलीत एका गायनवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. ६१ जण. दाराशी सॅनिटायझर होतं, हस्तांदोलनं टाळली होती. एकाला सर्दीसारखी लक्षणं होती. पुढे निश्चित आणि संभाव्य धरून एकूण ५३ जण आजारी पडले, दोघे गेले. बंद खोली, मोठा आवाज, लांबलेला वेळ. आता डोळ्यांसमोर वर्ग आण.

स्वस्तातला उपाय म्हणजे कार्बन डायऑक्साइड मीटर. बाहेरच्या हवेत साधारण ४१५ पीपीएम (दहा लाख भागांत ४१५ भाग) असतो, आपल्या उच्छ्वासात ४०,००० च्या आसपास. वर्गात मीटर १,५०० दाखवत असेल तर हिशेब कर : दर ३७ श्वासांमागे एक श्वास दुसऱ्या कुणाच्या तरी फुप्फुसातून जाऊन आलेला, उसना. ८०० च्या खाली राहिला तर ठीक. एक खाच मात्र लक्षात ठेव : खोलीत हेपा फिल्टरचं यंत्र लावलं असेल तर ते कण गाळतं, कार्बन डायऑक्साइड गाळत नाही. तिथे आकडा मोठा दिसला तरी धोका त्या प्रमाणात नसतो.

आणि भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. तीच हवा गार करून परत अंगावर सोडतो. 'एसी चालू आहे, म्हणजे हवा खेळती आहे' असं शिकलेली माणसंही म्हणतात.

कॉलेजला विचारायचा माझा प्रश्न : दोन तासिकांमध्ये वर्ग किती वेळ रिकामा ठेवणार? तासाला सहा वेळा हवा बदलणाऱ्या खोलीत जुन्या श्वासाचा अंश अर्ध्या तासात साधारण ५ टक्क्यांवर येतो. दोनदाच बदलत असेल तर त्याच कामाला दीड तास लागतो. दहा मिनिटांच्या मधल्या सुट्टीत काय होत असेल ते तूच बघ.

उंटावरचा

इतकं घाबरून कसं चालेल? वीस-बावीसच्या पोरांना होऊन होऊन काय होणार? चार दिवस ताप. लस झालीय ना? मग मीटर, फिल्टर, हे सगळं चोचले आहेत. उघडा आणि मोकळे व्हा.

चुलीपलीकडे

उंटावरचा, तुम्ही ज्या होस्टेलचा विचार करताय त्यात फक्त विद्यार्थी राहतात असं दिसतंय.

माझी आई होस्टेलच्या मेसमध्ये स्वयंपाकाला आहे. वय ५६, मधुमेह. तिच्यासोबतच्या बहुतेक बायका पन्नाशीच्या पुढच्या. तीनशे मुलं ओळीनं येतात, समोर ताट धरतात आणि तेव्हाच मास्क खाली करून सांगतात की 'मावशी, थोडंच वाढा'. वर्गात मास्क, लायब्ररीत मास्क आणि मेसमध्ये एकजात सगळे एकाच वेळी तोंड उघडं ठेवून. धोक्याची जागा तीच आहे आणि परिपत्रकात त्या जागेवर एक ओळ नसेल, पैज लावते. मागच्या वेळी थोडे दिवस सुरू झालं होतं तेव्हा विद्यार्थ्यांना मास्क वाटले. मेसच्या बायकांना कुणी विचारलंही नाही.

खिडकीपाशी, तू प्रश्न विचारणारच आहेस तर हाही विचार : मेसवाल्या आणि झाडूवाल्यांचं लसीकरण कुणाच्या यादीत आहे? ते कंत्राटदाराचे लोक असतात, कॉलेजच्या यादीत नसतात.

अर्धाकप

+१. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खजील.

रात्रपाळी

डॉक्टर आहे, आत्ताच ड्युटी संपवून आलोय, टंकनदोष पोटात घाला.

उंटावरचा यांचं अर्धं बरोबर आहे. तरुणांत गंभीर आजाराचं प्रमाण खरंच कमी आहे आणि लशीनं ते आणखी खाली येतं. पण कमी म्हणजे शून्य नाही, आणि लस घेतलेल्याकडूनही संसर्ग पुढे जाऊ शकतो. खिडकीपाशीचा प्रश्न आजीचा आहे, तो तुम्ही ओलांडून गेलात.

आता गेटवरची ती ताप मोजायची बंदूक. या आजारात माणूस लक्षणं दिसायच्या दोनेक दिवस आधीपासून पसरवू लागतो, आणि काहींना लक्षणं येतच नाहीत. ज्याला ताप आहे तो पॅरासिटामॉल घेऊन तासाभरात गेट ओलांडतो. त्या बंदुकीनं मी तरी आजवर कुणाला पकडलेलं बघितलं नाही.

चाचणीबद्दल गैरसमज बरेच आहेत. 'येताना ७२ तासांतला निगेटिव्ह अहवाल आणा' असं परिपत्रकात असेल तर त्याचा अर्थ एवढाच की नमुना दिला त्या क्षणी घशात सापडण्याइतका विषाणू नव्हता. काल लागण झालेल्याची आरटी-पीसीआर आज जवळपास हमखास निगेटिव्ह येते. लक्षणं यायला सरासरी पाच दिवस, कधी चौदा. म्हणून एकदा येताना आणि पुन्हा पाच-सात दिवसांनी अशी दोनदा केली तर तिला काही अर्थ. प्रवासात झालेली लागण त्या दुसऱ्या चाचणीत सापडते.

उलट बाजूही बघा. समजा ५,००० विद्यार्थ्यांची सरसकट रॅपिड (झटपट निकालाची) चाचणी केली, आणि खरोखर बाधित फक्त १० आहेत. चाचणी बाधितांपैकी ८० टक्के पकडते आणि निरोगी माणसाला १०० पैकी एकदाच चुकून बाधित ठरवते, असं धरू. खरे ८ सापडतील आणि खोटे जवळपास ५०. त्या पन्नास जणांना खोलीत कोंडण्याआधी पीसीआरनं खात्री करणार का, हे विचारा. आणि जे दोन सुटले ते निगेटिव्हचा कागद खिशात घालून मेसमध्ये बसलेत.

शब्दांचाही घोळ आहे, म्हणून सांगतो : आजारी माणसाला वेगळं ठेवणं म्हणजे विलगीकरण. संपर्कात आलेल्या पण अजून धडधाकट असलेल्याला थांबवणं म्हणजे क्वारंटाइन. दोघांना एकाच मजल्यावर, एकाच न्हाणीघराशी ठेवणारी व्यवस्था मी पाहिली आहे. त्यापेक्षा न ठेवलेलं परवडलं.

मधलीसुट्टी

शिकवणारी बाजू मांडते. मास्क लावून सलग चार तास बोलून बघा, तिसऱ्या तासाला घसा बसतो आणि हात आपोआप मास्क खाली ओढतो. म्हणजे सगळ्यात मोठ्यानं बोलणारी व्यक्तीच तोंड उघडं टाकते. उपाय साधा आहे : कॉलर माइक. मी स्वतःच्या खर्चानं घेतला, कारण मागणीपत्र अजून टेबलावरून टेबलावर फिरतंय.

हजेरीचं मात्र मनापासून लिहिते. खिडकीपाशी, तुझ्या परिपत्रकातल्या त्या दोन ओळी एकमेकींच्या गळ्यात पडल्यात. 'लक्षणं असतील तर येऊ नका' आणि 'हजेरी पूर्वीप्रमाणेच'. सकाळी घसा खवखवतोय, आणि आज न गेल्यास प्रॅक्टिकल बुडतंय. अशा वेळी कोण घरी बसेल? मी विद्यार्थी असताना बसले नसते. आमच्या विभागानं भांडून एवढं करून घेतलं : दहा दिवसांपर्यंतच्या गैरहजेरीला डॉक्टरचा दाखला लागणार नाही, आणि बुडलेलं प्रॅक्टिकल सत्राच्या शेवटच्या आठवड्यात करता येईल. दाखल्याची अट म्हणजे तापानं फणफणलेल्या मुलाला दवाखान्याच्या रांगेत उभं करणं. 'मग सगळे खोटं बोलून दांड्या मारतील' असं बैठकीत म्हटलं गेलंच. मारतील काही. पूर्वीही मारत होतेच की.

जुनारेक्टर

अकरा वर्षं होस्टेल सांभाळतोय. मधलीसुट्टी, तुमच्या शब्दाशब्दाला मान डोलावली.

एक आमची चूक सांगतो. मागच्या वर्षी घरी जाऊ न शकलेली चाळीसेक मुलं आमच्याकडे अडकली होती. एकाला लागण झाली. आम्ही जुन्या इमारतीतल्या एका खोलीत त्याला ठेवलं. नियमाप्रमाणे सगळं केलं असं मला वाटत होतं. ताट दाराशी ठेवून माणूस पळून यायचा. वायफाय तिथवर पोचत नव्हतं. त्याची ऑनलाइन अंतर्गत परीक्षा बुडाली. आणि कुणीतरी त्याचं नाव होस्टेलच्या ग्रुपवर टाकलं, सोबत खोलीच्या दाराचा फोटो. चौदा दिवसांनी तो बाहेर आला तेव्हा कुणी त्याच्या टेबलाला बसेना.

त्यानंतर महिनाभर एकाही मुलानं 'सर, बरं वाटत नाही' म्हटलं नाही. मी मनात म्हटलं, वा, आटोक्यात आलं. मग एक दिवस कचऱ्याच्या डब्यात तापाच्या गोळ्यांची पाकिटं दिसली, बरीच. तिघांनी अंगावर काढला होता. त्यातला एक तर सर्दी झालेल्या मित्राच्या नावानं औषध आणून स्वतः घेत होता. लपवायला मुलं आपणहून शिकली नाहीत. आम्ही शिकवलं.

आता काय बदललं ते लिहितो. विलगीकरणाच्या खोल्या मुख्य इमारतीच्या टोकाला घेतल्या, स्वतंत्र न्हाणीघर, आणि त्या मजल्यावर आधी वायफाय आणलं, मग खाटा. चार्जर, किटली, पल्स ऑक्सिमीटर खोलीतच. दिवसातून दोनदा मी स्वतः फोन करतो. ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला तर वाट न बघता दवाखाना. नाव फक्त मला आणि डॉक्टरांना माहीत. आणि पहिल्या दिवशी मुलांना जमवून सांगितलं की कुणाकडून कुणाला झालं याचा शोध मी घेणार नाही, फक्त कुणाकुणाला कळवायला हवं ते विचारीन. ते ऐकून एक मुलगा उठून विचारतो, 'सर, पार्टीला गेलो होतो हे सांगितलं तर शिक्षा?' मी नाही म्हटलं. व्यवस्थापन माझ्यावर अजून नाराज आहे.

खिडकीपाशी, तू कॉलेजला एकच प्रश्न विचारू शकत असशील तर हा विचार : मला रात्री अकराला ताप आला तर मी कुणाला फोन करू आणि तो माणूस पुढच्या तासाभरात काय करेल? उत्तर देताना समोरचा अडखळला तर बाकीची चार पानं रद्दी समज.

वाराशास्त्री

रेक्टर साहेब, हे परिपत्रकाला जोडायला हवं.

या मुद्द्यावर परदेशातली दोन उदाहरणं आहेत. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिल कॅम्पसनं १० ऑगस्ट २०२० ला वर्ग सुरू केले आणि १७ तारखेला पदवीचे वर्ग पुन्हा ऑनलाइन करत असल्याचं जाहीर केलं. आठवडाभरात वसतिगृहांत रुग्णांचे पुंजके. येताना सगळ्यांची चाचणी केली नव्हती. दुसरं इलिनॉय विद्यापीठ. त्यांनी लाळेची चाचणी स्वतः विकसित केली आणि आठवड्यातून दोनदा सर्वांची घेतली. त्यांच्या गणितात पार्ट्यासुद्धा धरल्या होत्या. तरी सुरुवातीला आकडे उसळले, कारण पॉझिटिव्ह आल्याचं माहीत असूनही काही जण पार्टीला जातील, हे गणितात नव्हतं. नियम कडक केल्यावर आकडे उतरले.

उंटावरचा

बघा! म्हणजे रेक्टर साहेबांचं 'शिक्षा नाही' धोरण तिथं चाललं नसतं.

जुनारेक्टर

मुद्दा बरोबर पकडलात. म्हणून फरक करतो : आधी काय केलंस याची शिक्षा नाही. पॉझिटिव्ह कळल्यावर बाहेर पडलास तर आहे, आणि कडक आहे.

उंटावरचा

हे मान्य.

दोघांचीआई

माझी दोन्ही मुलं होस्टेलला जाणार, त्यामुळे सगळा धागा एका बैठकीत वाचला. भाबडा प्रश्न : मुलं घरूनच शिकली तर सुरक्षित नाहीत का? उघडायची घाई कशाला?

रात्रपाळी

ताई, भाबडा नाही. पण उत्तर वाटतं तितकं सरळ नाही. कॉर्नेल विद्यापीठात २०२० मध्ये गणित मांडलं तेव्हा निघालं की वर्ग ऑनलाइन ठेवले तरी हजारो विद्यार्थी गावात भाड्याच्या खोल्यांत येऊन राहणारच, आणि त्यांना चाचणीची सक्ती करता येणार नाही. त्यापेक्षा कॅम्पस उघडून नियमित चाचण्या केल्या तर संसर्ग कमी होईल. त्यांनी उघडलं. अर्थात चाचण्या करायची ऐपत नसलेल्या कॉलेजला हे गणित लागू नाही. शिवाय दीड वर्षं चार भिंतींत काढलेली मुलं माझ्याकडे येतात, झोप नाही, भूक नाही. तोही आजारच.

चाचण्या परवडत नाहीत म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी युक्ती : पाच जणांचे नमुने एकत्र करून एकच चाचणी. निगेटिव्ह आली तर पाचही सुटले. १९४३ मध्ये रॉबर्ट डॉर्फमननं सैनिकांच्या रक्ततपासणीसाठी सुचवली होती. आजार तुरळक असेल तेव्हाच फायद्याची, पसरल्यावर नाही.

वाराशास्त्री

अवांतर : ॲरिझोना विद्यापीठानं ऑगस्ट २०२० मध्ये एका वसतिगृहाच्या सांडपाण्यात विषाणू शोधला, मग तिथल्या ३११ जणांची चाचणी केली. दोघं सापडले, दोघांनाही लक्षणं नव्हती. मुलं ताप लपवतील, पण संडास कसा लपवणार?

अवांतर नसलेलं : दीड वर्ष बंद पडलेल्या होस्टेलच्या नळांत पाणी साचून राहिलेलं असतं. क्लोरीन केव्हाच उडालेलं. कोमट साचलेल्या पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो, न्यूमोनिया होतो. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका अधिवेशनात या आजाराची साथ आली, आणि १९७७ च्या जानेवारीत हा जिवाणू पहिल्यांदा ओळखला गेला. टाक्या धुतल्या का, सगळे नळ आणि शॉवर सोडून पाणी वाहू दिलं का, गिझर नीट तापवले का, हे विचार. तरीही पहिल्या दिवशी शॉवर सोडून न्हाणीघराबाहेर पळ, पाच मिनिटांनी ये.

खिडकीपाशी

मंडळी, मोठ्ठे आभार. काल कॉलेजला गेले होते, अहवाल देते.

अकराच्या तापाचा प्रश्न विचारला. समोरच्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाल्या, 'हेल्पलाइन आहे.' मी तिथेच नंबर लावला. बाजूच्या टेबलावरचा फोन वाजला. त्या टेबलावर संध्याकाळी पाचनंतर कुणी नसतं.

हसू आलं, पण त्यांचं श्रेय त्यांना : त्यांनी तो कागद उचलला आणि आत गेल्या. तासाभरानं दोन रेक्टरांचे मोबाइल नंबर लिहून बाहेर आल्या. हजेरीबद्दल 'समितीपुढे ठेवू'. मेस कामगारांच्या लसीची यादी खरंच कुणाकडे नव्हती, चुलीपलीकडे. कंत्राटदाराला फोन माझ्यासमोर झाला. मेसच्या वेळा मात्र दोनऐवजी चार पाळ्यांत होणार आहेत आणि ताट घेऊन बाहेरच्या ओट्यावर बसायला परवानगी.

रूममेटशी फोनवर तासभर बोलले. ठरलं असं : खोली म्हणजे आमच्या दोघींचं घर, आत मास्क नाही. पण बाहेर कुठे जाऊन आलो ते एकमेकींना सांगायचं, ओरडायचं नाही. खिडकी रात्रीही चार बोटं उघडी. तिला थंडी सोसत नाही, म्हणून खिडकीपाशी मी झोपणार. (आयडी सार्थकी लागला.)

मधलीसुट्टी

समितीपुढे ठेवू म्हणजे पुढच्या सत्रात. विभागप्रमुखांना लेखी दे, पाच-सहा जणींच्या सह्या घेऊन. आमच्याकडचा मसुदा व्यक्तिगत निरोपात पाठवते.

खिडकीपाशी

तीन आठवड्यांनी परत आलेय. चौघींनी मिळून मीटर घेतला. सेमिनार हॉलमध्ये पहिल्या दिवशी १,९०० दाखवत होता. मागच्या दोन खिडक्या रंगकामात चिकटून बसल्या होत्या, शिपाईकाकांनी पटाशीनं उचकटल्या. आता ८५०.

मागच्या सोमवारी रूममेटचा घसा दुखू लागला. रात्री पावणेबाराला तो नंबर लावला. उचलला. आधी वेगळी खोली मिळाली, सकाळी चाचणी : पॉझिटिव्ह. तिचं बेतानंच निभावलं, वास मात्र अजून परतलेला नाही. माझी पाचव्या दिवसाची निगेटिव्ह आली. सहीचं पत्र तिसऱ्याच दिवशी मंजूर झालं होतं, म्हणून तिचं प्रॅक्टिकल वाचलं.

आज ती खोलीवर परत येतेय. तिच्या टेबलाला बसायला आम्ही सहा जणी आहोत, आणि ओट्यावर जागा पाचांचीच आहे.

अर्धाकप

तो मसुदा मलाही पाठवा कुणीतरी. आमचं सोमवारी उघडतंय.